आधी शेवटचा सिलिंडर

इंजिनासमोर उभे राहिल्यावर तांबेबाई प्रथम दोन्ही हात पाठीमागे बांधीत. मग मान किंचित डावीकडे कलती करून ऐकत राहत. इंजिन बंद असेल तर नुसत्या पाहत राहत. शिकणाऱ्यांनीही तसेच उभे राहावे असा त्यांचा नियम होता. तो मोडणाऱ्याला त्या एकच शब्द ऐकवीत, "हात!" पुढचा 'मागे' उच्चारण्याची गरज पडत नसे.

अलिबागजवळच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी गणित आणि चित्रकलेचा निदेशक होतो. तिथे चित्रकला म्हणजे यंत्रभागांची मापाबरहुकूम रेखाटने. फुलापानांशी आमचा संबंध नव्हता. माझा वर्ग आणि बाईंची मोटार मेकॅनिकची कार्यशाळा यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि ती पातळ होती. त्यामुळे बाईंचे अध्यापन मी माझ्या इच्छेविरुद्ध पुष्कळ वर्षे ऐकले. पुढे इच्छेने ऐकू लागलो. ते केव्हा, हे मला सांगता येणार नाही.

त्या रुजू झाल्या तेव्हा मोटारींच्या विभागात स्त्री निदेशक आमच्याकडे कोणी पाहिलेली नव्हती. प्राचार्य सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सज्जनपणेच सुचवले की शिवणकाम विभागात एक जागा रिकामी आहे. तिथे पंखा आहे, सावली आहे, ग्रीसचे डाग नाहीत.

बाई म्हणाल्या, "साहेब, माझी शिलाई वाकडी जाते. मुलींचं नुकसान होईल."

"शिकाल हळूहळू."

"तेवढ्या वेळात संस्थेच्या गाडीचं इंजिन उतरवून परत बसवून होईल. काळा धूर टाकतेय ती. सकाळी तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा बघितलं."

इंजिन उतरले, बसले, धूर थांबला. शिवणकामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

सुती साडी, पदर खोचलेला, वरून खाकी कोट, असा त्यांचा वेष असे. दिवसभराचे काम संपले की खोबरेल तेल आणि लाकडाचा भुसा घेऊन त्या नखे स्वच्छ करीत. या कामी घाई केलेली मी पाहिली नाही. इंजिनावर चहाचा पेला ठेवणाऱ्याला त्या वर्गाबाहेर काढीत. उत्तम काम करणाऱ्याला "चालेल" म्हणत. त्याहून मोठी शाबासकी त्यांच्यापाशी नव्हती. मुले त्या 'चालेल'साठी जेवणाची सुट्टी विसरत.

त्यांची आणखी एक सवय होती. चार सिलिंडरांचे इंजिन तपासायचे तर सगळे जण पहिल्यापासून सुरुवात करतात. पुस्तकातही तसेच छापलेले असते. बाई चौथ्यापासून सुरुवात करीत. "शेवटचा आधी बघा," असे त्या मुलांना बजावीत. मी एकदा हरकत घेतली. क्रम म्हणजे क्रम, तो उलटा धरल्याने कोणता लाभ, असे विचारले.

"पहिल्याची काळजी सगळेच घेतात, सर," एवढेच त्या म्हणाल्या.

इंजिनाला इंधन कसे पोहोचते, हा त्यांचा आवडता पाठ. तो दरवर्षी भिंतीपलीकडून येई, आणि दरवर्षी त्याची सुरुवात डासांवर औषध मारायच्या जुन्या हातपंपाने होई. बाई पंपाचा दट्ट्या ढकलीत. हवा जोराने नळीच्या तोंडावरून जाई आणि खालच्या डब्यातले औषध आपोआप वर ओढले जाऊन तुषार उडत.

"हा झाला कार्ब्युरेटर," बाई सांगत. "इंजिन हवा ओढतं, हवेमागून पेट्रोल जातं. सोपं आहे, स्वस्त आहे, रस्त्याच्या कडेला दुरुस्त होतं. पण मोजतो कोण?"

"कोणीच नाही, बाई!"

"आणि एकाच जागी ओतलेलं चौघांना वाटायचं. जवळचा सिलिंडर पोटभर पितो. लांबच्याला काय मिळतं?"

"उरलेलं!"

मग फवाऱ्याचा पाठ. इंग्रजीतला इंजेक्टर म्हणजे विजेने उघडणारी एक लहानशी झडप. तिच्यामागे पंपाने दाबून धरलेले पेट्रोल उभे असते. झडप किती क्षण उघडी राहते, यावर माप ठरते. हे माप ठरवणारा एक विजेचा मेंदू गाडीत बसवलेला असतो. हवा किती आली, इंजिन किती तापले, पाय किती दाबला, याच्या वर्द्या त्याला सतत मिळत असतात. धूर जाण्याच्या नळीतही एक टेहळ्या बसवलेला असतो. पेट्रोल जळल्यानंतर किती प्राणवायू शिल्लक राहिला ते तो कळवतो; प्राणवायू उरला नाही म्हणजे पेट्रोल जास्त झाले, उरला म्हणजे कमी पडले. हा भाग मुलांना अवघड जाई. बाईंनी तो पंगतीवरून सोडवला होता.

"चांगली सुगरण काय करते? उठलेल्या पंगतीची ताटं बघते. उरलंय? पुढच्या पंगतीला हात आखडून वाढा. ताटं चाटूनपुसून गेलीत? मोकळ्या हातानं वाढा. हा टेहळ्या म्हणजे ताटं बघणारी बाई."

पहिल्या प्रकारात कार्ब्युरेटरच्याच जागी एक फवारा बसवला गेला. माप आले, पण वाटप जुनेच राहिले, लांबचा लांबच. पुढच्या प्रकारात प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी स्वतंत्र फवारा आला. त्यानंतर अशी सोय झाली की ज्याचे दार उघडण्याची वेळ येईल त्यालाच, त्याच क्षणी वाढायचे. अलीकडच्या काही गाड्यांत फवारा दार ओलांडून थेट सिलिंडरच्या आत जातो. पण आतला दाब मोठा, म्हणून देणाऱ्यालाही तितकाच जोर लावावा लागतो. या पाठाचा शेवट त्या एका वाक्याने करीत आणि मुले ते त्यांच्यासोबत म्हणत, "प्रत्येकाच्या दारात, मोजून, वेळेवर."

डिझेलची रीत वेगळी. तिथे ठिणगी नसते. हवाच इतकी दाबून तापवतात की डिझेल आत पडताक्षणी पेटते. जुन्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरसाठी पंपाचा वेगळा दट्ट्या असे. "एकेका घरासाठी एकेक माणूस कावड घेऊन धावतोय असं समजा. ती जुन्या टेम्पोची टकटक ऐकता ना? त्याची पावलं आहेत ती." नव्या पद्धतीत अतिशय दाबाचे डिझेल एका सामाईक जाड नळीत कायम भरलेले असते आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी विजेची झडप असते. "म्हणजे उंचावरची टाकी. ती भरलेलीच. मग हवं तेव्हा नळ सोडा. आधी चुळकाभर, मग तांब्याभर. म्हणून नवी डिझेल गाडी आरडाओरडा करत नाही."

या पाठासाठी लागणारे तक्ते मी काढून देत असे. फवाऱ्याचा उभा छेद त्यांनी माझ्याकडून तीन वेळा काढून घेतला, कारण टोकाची सूक्ष्म छिद्रे त्यांच्या मते "आळशी" दिसत होती. एकदा मी म्हणालो की इंधनाचे शास्त्र नळाच्या पाण्याने शिकवणे शास्त्रशुद्ध नाही.

"शास्त्र तुम्ही भिंतीवर टांगा, सर. मी ते डोक्यात घालते."

"तरी पाणीच का?"

चहाची वेळ होती. बाईंनी बशी खाली ठेवली.

त्यांचे गाव चौलच्या अलीकडे. वडील नारळी-पोफळीच्या वाड्यांत शिंपण्याचे काम करीत. घर गावाच्या शेवटच्या आळीत, बौद्धवाडीत. गावाला टाकीपासून एकच नळ होता आणि तो वरच्या आळ्यांतून फिरत फिरत शेवटी त्यांच्याकडे येई.

"वर अंगणात सडे पडायचे तेव्हा आमच्या हंड्याच्या तळाला टपटप वाजायचं. आई मला वर पिटाळायची, नळ बंद करा म्हणून सांगायला. मी सांगायचे. कोणी करायचं, कोणी नाही. कोणी मुद्दाम करत होतं असंही नाही, सर. पाइपच तसा टाकलेला होता."

मी चहाचा घोट घेतला.

"मग नवी टाकी झाली. प्रत्येक आळीला वेगळी लाइन, वेगळी झडप, वेगळी वेळ. पहिल्या दिवशी आईनं हंडा भरला, कळशी भरली, आणि नळ तसाच चालू ठेवून समोर बसून राहिली. मी बंद करायला गेले तर म्हणाली, राहू दे जरा." बाईंनी बशी उचलली. "पाणी तेच होतं. वाटायची रीत बदलली."

मी चहा संपवला आणि तक्ता चौथ्यांदा काढायला घेतला.

मी आधी निवृत्त झालो, बाई मागाहून. मी चौलला राहतो. बाई त्यांच्या जुन्या घरी परतल्या. घर नव्याने बांधलेले, आळी तीच. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी, त्या कोणाच्या हे सांगायला नको, आणि त्याखाली शिकवण्यासाठी उभे कापलेले एक इंजिन. माझ्या घरापासून तिथवर चालत जाता येते.

याच सुमारास धुराचे नियम कडक झाले. मोटारींतून कार्ब्युरेटर आधीच गेला होता. आता नव्या स्कूटर आणि मोटारसायकलींतूनही गेला. किहीमपासून रेवदंड्यापर्यंत रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली बसणारे जे मेकॅनिक, त्यांच्या हातातली विद्या एकाएकी जुनी झाली. गाडी उघडावी तर ओळखीचे काही दिसेना. गिऱ्हाइके थेट शहरातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे वळू लागली. कोणी भाज्यांचा टेम्पो घेतला, कोणी होमस्टेवर पाणी तापवायला राहिला.

बाईंनी आपल्या पडवीत रविवारचा वर्ग सुरू केला. फक्त यांच्यासाठी. पडवीत त्यांनी एक मांडणी उभी केली होती: जुना विजेचा पंप, बॅटरी, एका नळीवर ओळीने बसवलेले चार फवारे आणि त्यांच्याखाली काचेच्या चार उभ्या नळ्या. पेट्रोलऐवजी साफसफाईचे द्रावण वापरीत. बटण दाबले की चारही फवारे धुक्यासारखे तुषार सोडत, आणि नळ्यांतल्या पातळीवरून कोणाला किती मिळाले ते दिसे.

इथे एका तारेविषयी सांगितले पाहिजे. आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या मेकॅनिकच्या खिशात क्लचच्या केबलीतला एक सुटा धागा असतो. कार्ब्युरेटरच्या तोटीत कचरा अडकला की ती तोंडाने फुंकायची, हा तारेचा धागा आतबाहेर फिरवायचा, पुन्हा फुंकायचे, गाडी चालू. निम्मा धंदा या तारेवर चाले. फवाऱ्याच्या छिद्रात हीच तार घातली तर छिद्राचा आकार बिघडतो आणि तुषारांऐवजी थेंब गळू लागतात. म्हणून बाईंनी पडवीच्या खांबावर खिळ्यांची रांग ठोकली. "चपला पायरीला, तार खिळ्याला." येणारा प्रत्येक जण आपली तार टांगून मगच आत बसे. दिवेआगरचा एक जण फेरीबोटीने खाडी ओलांडून येई. वादळात त्याच्या गॅरेजचे पत्रे उडाले होते. त्यानेही तार आणली होती.

पडवी भरली तरी बाई म्हणत, "वर्ग भरला नाही अजून."

"सगळे तर आले, बाई."

"हिराजी आला नाही."

हिराजी म्हात्रे हा चौल नाक्यावरचा मेकॅनिक. आमच्या टापूतला सर्वांत जुना. सहाआसनी रिक्षा घाट चढेनाशी झाली की चालक ती त्याच्या दारात आणून नुसती चालू करीत, आणि हिराजी आत बसल्या जागेवरून दोष सांगे. आता त्याच्या दारात दोनतीन जुन्या रिक्षा आणि एक कोंबडी एवढेच असे. बाईंनी निरोप पाठवला. उत्तर आले, "बायला सांग, मी पेट्रोलची चव घेऊन शिकलो. मना टीव्ही बघून शिकायचं न्हाय."

"टीव्ही" म्हणजे बाईंचे दोष वाचणारे यंत्र. ते गाडीला जोडले की पडद्यावर आकडे उमटत.

बाई माझ्याकडे आल्या. "सर, तुमची गाडी लागेल. तुमच्यासकट."

नाक्याच्या अलीकडे त्यांनी मला थांबायला सांगितले, उतरून बॉनेट उघडले, क्षणभर आत काहीतरी केले आणि पुन्हा येऊन बसल्या. माझी गाडी, जिची मी वेळच्या वेळी निगा राखतो, ती तिथून पुढे दम्याच्या रोग्यासारखी चालू लागली. मी बाईंकडे पाहिले. त्या समोर पाहत होत्या.

हिराजी दारातच बसला होता. आम्ही थांबण्याआधीच म्हणाला, "मास्तर, तुमचा दोन नंबर उपाशी हाय."

बाई उतरल्या. यंत्र जोडले आणि पडदा त्याच्यापुढे धरला. "वाचा."

"चष्मा न्हाय."

"मग मी वाचते. दुसरा सिलिंडर पेटत नाही, असं म्हणतंय. तुमचा कान आणि हा डबा एकच बोलतायत, हिराजीभाऊ. मग भांडण कशाचं?"

हिराजी हसला. "भांडण न्हाय बाय. पन उपाशी कशापायी, ते तुझा डबा सांगतो काय?"

"नाही सांगत."

"मंग?"

"मग माणूस लागतो. रविवारी या."

त्यांनी आत हात घालून दुसऱ्या फवाऱ्याला वीज देणारी, मघाशी सुटी केलेली खुंटी पुन्हा बसवली. गाडी शहाणी झाली. माझी परवानगी घेतली नव्हती, हे मी परतताना निदर्शनास आणले. "दिली नसतीत," असे बाई म्हणाल्या. ते खरे होते.

हिराजी आला. एका रविवारी, उशिरा, कोणाकडे न पाहता. त्याने खांबावर तार टांगली आणि शेवटच्या बाकावर बसला. दुसरी तार त्याच्या कानामागे होती, विडी खोचावी तशी. बाईंनी ती पाहिली आणि पाठ सुरू केला.

तो नियमित येऊ लागला, प्रश्न विचारू लागला. मग नाक्यावर बातमी झाली की सदानंद ठाकूर, जो पर्यटकांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतो, त्याने आपली फवाऱ्याची गाडी शहरात न नेता हिराजीच्या दारात लावली. नव्या जातीची गाडी कोणी आपण होऊन त्याच्याकडे आणण्याची ही पहिलीच वेळ. हिराजीने ती बाहेर रस्त्यावरून दिसेल अशी उभी केली होती.

दुसऱ्या दिवशी वेगळी बातमी आली. आधी नुसती बिघडलेली गाडी आता काळा धूर ओकत होती. सदानंदाने भर नाक्यावर सांगितले, "म्हाताऱ्याच्या हातात नवी गाडी देऊ नका रे." तो ती ओढून शहरात न्यायला टेम्पो बघायला गेला. हिराजीने शटर अर्धे खाली ओढले आणि उरणला ट्रक चालवणाऱ्या मुलाला फोन केला: हत्यारांना कोणी गिऱ्हाईक बघ.

हे कळले तेव्हा बाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. सूप तसेच ठेवून माझ्या गाडीत येऊन बसल्या.

शटरखालून वाकून आत जावे लागले. हिराजी हत्यारांच्या पेटीत पाने लावत होता, मापाच्या क्रमाने.

"कशाला आलीस बाय? हसायला?"

"ऐकायला. सदाची गाडी चालू करा."

"काय ऐकतेस? चार नंबर उपाशी व्हता. आता चार नंबर ओकतो. मीच केलंय."

"चालू करा."

त्याने केली. गाडी थरथरली, मागे काळा लोट उठला. बाई हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद. आता तुम्ही या इथं. हात मागे."

"बाय, वर्ग हाय काय हा?"

"हात."

तो म्हातारा, नाक्यावर ज्याच्या शब्दाला चालकांत मान होता, माझ्यासमोर हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"काय दिसतं? शेवटचा आधी बघा."

हिराजी वाकला. बराच वेळ पाहिले. चौथ्या फवाऱ्याला वीज आणणाऱ्या खुंटीच्या फटीत हिरवट थर होता.

"हिरवं."

"कशानं?"

"खाऱ्या वाऱ्यानं. तांबं खाल्लंय." तो थांबला. "जुनं हाय ह्ये. गाडी आली तवा व्हतंच."

"मग चौथा उपाशी होता, तो घसा बुजला म्हणून?"

हिराजी सरळ झाला. हात अजून मागेच होते.

"न्हाय," तो म्हणाला. "त्याला सांगावाच पोचत नव्हता. घसा साफ व्हता. आनि मी त्यात तार घातली."

"कान बरोबर होता तुमचा. हात आधी धावला."

"चाळीस वर्सं धावला बाय तो. थांबतो व्हय असा?"

"आता थांबलाय."

पुढचे काम वेगाने झाले, कारण सदानंद टेम्पो घेऊन केव्हाही आला असता. बाईंच्या मांडणीतले चार फवारे याच जातीच्या इंजिनातले होते. त्यांनी मला पडवीत पिटाळले आणि मी त्यांतला एक सोडवून आणला. दरम्यान हिराजीने खुंटीची टोके घासून लख्ख केली होती. फवारा त्यानेच बसवला. बाई बाजूला उभ्या होत्या, हात मागे. गाडी चालू झाली, दोन आचके दिले, आणि शांत फिरू लागली.

हिराजीने डोळे मिटले. "आता चौघं जेवतात."

"चालेल," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात सदानंद टेम्पो घेऊन आला. गाडीचा आवाज ऐकून तो दारातच थबकला. बाई काही सांगायला पुढे झाल्या, पण हिराजीने त्यांना हाताने थोपवले.

"सदा, दोष खुंटीचा व्हता. मी फवाऱ्यात तार घातली, ती माझी चूक. बायनं दुसरा दिला. आता चालवून बघ."

सदानंद रेवदंड्याच्या बाजूला एक फेरी मारून आला. "हे काल का न्हाय केलंस, काका?"

"काल बघितलंच न्हाय."

टेम्पो रिकामा परत गेला. बाईंनी शटर स्वतःच्या हाताने पूर्ण वर ढकलले आणि बिघडलेला फवारा पदरात बांधून घेतला.

"त्याचं काय करतेस आता?" हिराजीने विचारले.

"माझ्या मांडणीत चौथी जागा रिकामी झाली ना. रविवारी तुम्ही शिकवायचं."

"मी? काय शिकवू?"

"तार."

त्या रविवारी पडवीत बसायला जागा नव्हती. मीही गेलो होतो. तक्ता टांगायचा आहे, असे कारण काढले होते. हिराजीने बटण दाबले. तीन फवाऱ्यांतून धुके उतरले. चौथा ठिबकत राहिला.

"नीट बघा," तो म्हणाला. "ह्ये माझं काम हाय. ह्या थेंबानं काय व्हतं? थेंब जळत न्हाय, नुसता भिजवतो. काळा धूर येतो, प्लग ओला. आनि गिऱ्हाईक बोंबलत नाक्यावर. तर आधी काय करायचं? हात मागं. खुंटी बघायची. आपल्याकडं खारा वारा हाय. शहरातल्या पुस्तकात ह्ये लिवलेलं नसतं."

कोणी हसले नाही. पाठ संपल्यावर त्याने कानामागची तार काढली आणि पहिलीच्या शेजारी खिळ्याला टांगली.

"हिराजीदादा, तिसरी कुठं हाय?" किहीमचा एक जण म्हणाला.

"तिसरी बायकोकडं. कान कोराय."

तेव्हा मात्र पडवी हसली. बाई हसल्या की नाही ते दिसले नाही. त्या सर्वांत मागे, आडव्या ठेवलेल्या टायरवर बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून ऐकू आले, "आज वर्ग भरला."

ठिबकणारा फवारा त्यांनी कधी बदलला नाही. तो मांडणीत चौथ्या जागी आजही आहे. हिराजीच्या दारात आता कोंबडीला फिरायला जागा उरत नाही, अशी तक्रार त्याची बायको करते.

मग बाईंचे गुडघे फार दुखू लागले आणि नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचे ठरवले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. वर्ग नुकताच सुटला होता. पुढचे वर्ग हिराजी आणि दिवेआगरचा तो मेकॅनिक चालवणार होते. निघता निघता एकाने विचारले, "बाई, आता बॅटरीच्या गाड्या आल्या. त्यांत फवारा पण नाही. हे सगळं शिकलेलं पुन्हा जाणार काय?"

"जाणार," बाई म्हणाल्या. "नवीन काही समोर आलं की आधी काय करायचं?"

पाचसहा जणांनी एका आवाजात सांगितले. एकाने तर चपला घालता घालता हात खरोखरच मागे नेले.

ते गेल्यावर मी बाईंना एक गुंडाळी दिली. फवाऱ्याचा उभा छेद, शाईत. टोकाची छिद्रे मी जपून काढली होती. बाईंनी ती उलगडून उजेडाकडे धरली. मी वाट पाहिली.

"चालेल," त्या म्हणाल्या.

आळीला पाणी येण्याची वेळ झाली होती. मी फाटकाशी पोहोचलो तेव्हा नळ फुरफुरला. बाईंच्या दारातल्या नळाला धार आली आणि हंडा बाजूलाच राहिला, कारण बाई तिथे नव्हत्या. एक हात गुडघ्यावर ठेवीत त्या आळीच्या टोकाकडे निघाल्या होत्या. त्यांच्या घरापुढची घरे ओलांडून शेवटच्या घरापर्यंत गेल्या. तिथल्या म्हातारीने वाकून पाहिले आणि आतूनच ओरडून सांगितले, "आलं गं बाय! मोठं आलं!"

बाईंनी हात वर केला. तशाच सावकाश मागे आल्या, आणि मग आपला हंडा नळाखाली लावला.